काळ्या दगडाचं काम शिकायचं तर सुरुवात कुठून करावी

दगडकाम शिकायला आलेल्या पोराचा हात आधी ग्राइंडरकडे जातो. साहजिक आहे. कटर फिरवला की बघता बघता सपाट तोंड निघतं आणि फोटोतही झकास दिसतं. पण भिंत तोलून धरतात त्या दगडाची बैठक (ज्या बाजूवर तो टेकतो ती) आणि भिंतीत आत गेलेली त्याची लांबी, म्हणजे काम संपल्यावर कुणाच्याच नजरेला न पडणाऱ्या बाजू. त्या बाजू घडवायला सुतकी (दगडकामाचा हातोडा) आणि टाकी, म्हणजे छिन्नीच लागते. म्हणून मराठवाड्यात हा धंदा धरणाऱ्यानं पहिलं वर्ष ग्राइंडरशिवाय काढावं, असं माझं ठाम मत आहे.

आधी दगड ओळखा. आपल्याकडं जवळपास सगळीकडं काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे हे थर. नांदेडच्या देगलूर, बिलोली, किनवट भागात ग्रॅनाइट उघडा पडतो आणि त्याची फोडण्याची तऱ्हा निराळी. फरशीसाठी येणारा शहाबादी हा चुनखडीचा दगड. तो थरांनी बनलेला असल्यानं थर आडवे ठेवूनच बसवायचा. बेसाल्टला असे थर नसतात, पण त्याच्यातही फरक आहेतच. घट्ट, बारीक कणांचा दगड कडा धरतो. पांढरे खडे भरलेला छिद्राळ दगड घडायला सोपा वाटतो, पण कड काढताना नेमका खडा निखळतो आणि तिथं खड्डा पडतो. तिसरा प्रकार शेतात सापडणाऱ्या गोल गोट्यांचा. त्यांच्यावर कुजलेल्या दगडाची सालपटं असतात. ती पार काढून आतला गाभा लागला तरच तो दगड बांधकामाचा.

पारख कानानं होते. दगड जमिनीवरून थोडा उचलून दुसऱ्या दगडावर टेकवा आणि सुतकीनं हलकं ठोका. खणखणीत आवाज आला तर दगड चांगला. बद्द आला तर आत चीर आहे किंवा दगड कुजलाय. एक घनफूट घट्ट बेसाल्ट 80 किलोच्या आसपास भरतो, म्हणून मोठा दगड पहारीनं कलवायचा, एकट्यानं उचलायचा नाही. पाठ एकदा गेली की हा धंदा संपला.

मोठी शिळा फोडायची असेल तर रेषेवर 10 ते 15 सेंटिमीटर अंतरानं भोकं घ्या. भोकाची खोली शिळेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश असावी. प्रत्येक भोकात दोन पत्त्या (लोखंडी पट्ट्या) आणि मधे पाचर. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पाचरेवर एकेक हलका ठोका, पुन्हा पहिल्यापासून. पाचर आवळत जाते तसा आवाज चढत जातो. तो चढला की हात थांबवा आणि दगडाला वेळ द्या. बहुतेक जण इथंच घाई करतात. एकच पाचर जोरात हाणली की चीर रेषा सोडून जवळच्या काठाकडं पळते आणि शिळा वाया जाते.

टाकीला पाणी देणं, म्हणजे तिचं टोक तापवून पाण्यात बुडवून कडक करणं, हा शिकण्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. विकतची कार्बाइडची टाकी आली तरी पोलादी टाकी स्वतः शेवटता (तापवून, ठोकून पुन्हा टोकदार करता) आली पाहिजे. बेसाल्ट धार खातो आणि प्रत्येक वेळी लोहाराकडं पळायचं म्हटलं तर अर्धा दिवस जातो. टोक भट्टीत लालबुंद होऊ द्या, पिवळट पांढरं होऊ देऊ नका, पोलाद जळतं. लाली असेपर्यंतच ठोकून आकार द्या, काळं पडल्यावर ठोकलं तर आत बारीक चिरा पडतात. मग पुन्हा लाल करून फक्त टोकाचा दोन सेंटिमीटर भाग पाण्यात बुडवा. बुडवताना टाकी थोडी खालीवर हलवत राहा, नाहीतर पाण्याच्या रेषेवर ती तुटते. बाहेर काढली की टोक पटकन दगडावर घासून चकचकीत करा आणि रंग बघा. मागची उष्णता टोकाकडं सरकते तसा आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा रंग चढतो. गडद पिवळा तपकिरीकडं झुकला की पूर्ण टाकी पाण्यात. त्याआधी विझवली तर टोक टवका होऊन उडतं. निळी होऊ दिली तर चार घावांत टोक बोथट होऊन दुमडतं. टाकीच्या डोक्यावर ठोकून ठोकून फुललेली कडही वेळोवेळी घासून काढा. तिचा तुकडा सुटला तर तो थेट डोळ्यात जातो.

आता खांडकी, म्हणजे बांधकामाचा चौकोनी घडीव दगड, घडवणं. नवशिक्या तोंडापासून सुरू करतो. सुरुवात बैठकीपासून करा. दगड मातीवर किंवा वाळूच्या पोत्यावर पक्का बसवा. एका काठानं बोटभर रुंदीची पट्टी टाकीनं सरळ काढून घ्या आणि तिच्यावर सरळ फळी ठेवा. समोरच्या काठाला दुसरी पट्टी काढा, तिच्यावरही तेवढ्याच उंचीची फळी ठेवा आणि डोळा खाली आणून एका फळीवरून दुसरीकडं बघा. दोन्हींच्या कडा एकमेकींशी समांतर दिसल्या की दगडातला पीळ गेला. पीळ राहिलेला दगड भिंतीत डुगडुगतो, मग गवंडी त्याच्याखाली कपची सारतो आणि वरचं सगळं वजन त्या कपचीवर येतं. चारही काठांच्या पट्ट्या झाल्या की मधला फुगवटा टोकदार टाकीनं समांतर चरांमध्ये उतरवा. टाकी दगडाशी साधारण 45 ते 60 अंशांत धरा. उभी धरली तर दगड नुसता ठेचला जातो आणि पांढरे डाग उमटतात. घावाची दिशा कायम काठाकडून आत. आतून काठाकडं मारलेला एक घाव दिवसभराची कड उडवतो.

बैठक झाली की गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून तोंड आणि बगला. इथं एक लबाडी सर्रास चालते. काठ सरळ ठेवायचे आणि मधे बैठक खोल खणायची, म्हणजे दगड पटकन बसतो आणि सांधा बाहेरून बारीक दिसतो. अशा पोकळ बैठकीचं वजन फक्त काठांवर येतं आणि काही दिवसांत तोंडाच्या कडा टवके होऊन गळतात. तोंडापासून निदान 8 सेंटिमीटर बैठक पूर्ण सपाट हवी. दगडाची उंची तोंडाच्या रुंदीपेक्षा जास्त नको, आणि भिंतीत आत गेलेली लांबी उंचीपेक्षा कमी नको. दगड उभा करून मोठं तोंड दाखवणं म्हणजे मालकाच्या डोळ्यात धूळफेक.

ही नुसती कारागिरीची शिस्त नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसं स्वतःच्याच घरांखाली गेली. भिंती जाड होत्या, पण जाड असूनच कमकुवत. बाहेर एक पदर, आत एक पदर, मधे गोटे, कपच्या आणि माती. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड नव्हता. वर लाकडी खणांवर मातीचं जड माळवद. जमीन हलली तसे पदर सुटले, पोट फुगलं आणि माळवद खाली आलं. मराठवाड्यात दगड हातात घेणाऱ्या प्रत्येकानं हे कारण समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

उपाय साधे आहेत. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी भारतीय मानक 13828 हे त्याच वर्षाचं. त्यानुसार भिंत 450 मिलिमीटरपेक्षा जाड नको. दर 600 मिलिमीटर उंचीला थर सपाट करून घ्या आणि त्याच उंचीला, आडवे 1.2 मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, भिंतीच्या पूर्ण जाडीचे जोडदगड घाला. तेवढे लांब दगड नसतील तर जाडीच्या पाऊणपट लांबीचे दोन दगड शेजारी शेजारी, एक या तोंडाकडून आणि एक त्या तोंडाकडून, म्हणजे मधे ते एकमेकांना ओलांडतात. तेही नसतील तर 8 ते 10 मिलिमीटर सळईचे इंग्रजी एस आकाराचे आकडे, दोन्ही तोंडांपासून 25 मिलिमीटर आत. कोपऱ्यात लांब दगड, एका थराला या भिंतीत आणि पुढच्या थराला त्या भिंतीत. जोते, लिंटल (दारं-खिडक्यांवरची तुळई) आणि छताच्या पातळीला काँक्रीटचा पट्टा. पाया काळ्या मातीत थांबवू नका. ती पावसात फुगते, उन्हात आकसते. मुरूम लागेपर्यंत खाली जा.

बांधताना उभा सांधा उभ्या सांध्यावर येऊ देऊ नका. डबराच्या (न घडवलेल्या दगडाच्या) कामात सांधा 20 मिलिमीटरपर्यंत चालतो. मोठी पोकळी असेल तर आधी मसाला (सिमेंट-वाळूचं मिश्रण), मग त्यात कपची ठोकून बसवा. कोरड्या कपच्या भरून वरून मसाला ओतला तर तो खाली पोचतच नाही. पोकळी तपासायची असेल तर नव्या भिंतीच्या गाभ्यात तांब्याभर पाणी ओता. गटकन गायब झालं तर आत भोक आहे. बेसाल्ट पाणी फार पीत नाही, त्यामुळं लावण्याआधी धुवायचा तो धूळ जावी म्हणून. निथळत्या दगडाखाली मसाला घसरतो. एका दिवसात एक मीटरपेक्षा वर जाऊ नका. आपल्या उन्हाळ्यात दर्जा (बाहेरून दिसणारे सांधे) भरल्यावर ओली पोती टाकून निदान सात दिवस पाणी मारा.

बघायला जायचं तर वेरूळच्या कैलासाला जाच, पण शिकणाऱ्यानं अजिंठ्याचं 24 क्रमांकाचं लेणं जास्त वेळ बघावं. ते अर्धवट राहिलं, म्हणून कामाच्या पायऱ्या उघड्या आहेत: छत आधी, जमीन शेवटी, आणि मधे नुसते ठोकळे काढून ठेवलेले खांब. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवायचा म्हणजे काय, ते औंढा नागनाथ, चारठाणा, होट्टलच्या मंदिरांत खालच्या थरांकडं बघून कळेल.

प्रत्यक्ष शिक्षणासाठी आयटीआयमध्ये गवंडीकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, आठवी पास चालतं. तिथं माप, लेव्हल, ओळंबा, नकाशा वाचणं नीट शिकवतात. दगड घडवणं मात्र पाथरवट किंवा वडार समाजातल्या जाणत्या मिस्त्रीच्या हाताखालीच येतं, आणि अशा मिस्त्रीकडं दोन वर्षं काढायची तयारी ठेवा. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत राजमिस्त्री आणि मूर्तिकार-दगड घडवणारे दोन्ही आहेत: 5 ते 7 दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, रोज 500 रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं व्हाउचर. वय 18 पूर्ण हवं, एका कुटुंबातून एकच जण. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणीही करून ठेवा. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

धुळीबद्दल मात्र कुणी हलगर्जी करू नये. बेसाल्टमध्ये मोकळी सिलिका कमी, ग्रॅनाइटमध्ये भरपूर, आणि ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला गमछा ही बारीक धूळ अडवत नाही. एन 95 मास्क लावा, कटर चालवताना पाण्याची धार सोडा, वाऱ्याकडं पाठ करून बसा आणि धुळीचे कपडे घरात नेऊ नका, लेकरं त्याच कपड्यांना बिलगतात.

कमाईचं गणित मापावर चालतं. डबराचं बांधकाम ब्रासवर, म्हणजे 100 घनफुटांवर. एक ब्रास बांधकामाला सव्वा ब्रास डबर आणि एकास सहा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) मसाल्याला साधारण पाच पोती सिमेंट धरा. खांडकीच्या घडाईचा दर बहुधा तोंडाच्या चौरस फुटावर ठरतो. दर ठरवताना बैठक किती आत सपाट करायची आणि जोडदगड कोण पुरवणार, हे आधीच कागदावर लिहून घ्या. जोडदगडाला दगड लांब लागतो, घडाई जास्त होते आणि ठेकेदार सर्वांत आधी तोच गाळायला बघतो.