एकतीसवर मारलेली रेघ

मी गणिताची शिक्षिका. बास्केटबॉल आयुष्यात कधी खेळले नाही. मालवणजवळच्या आमच्या शाळेत सतरा वर्षांखालील मुलींचे सामने भरले, तेव्हा खेळाचे सर संघासोबत बाकावर बसणार म्हणून स्कोअरशीट माझ्या गळ्यात पडली. “बेरीजच तर करायची, बाई!” असं सर म्हणाले होते.

बेरीज करायचीच नसते, हे बसल्यावर कळलं. शीटवर दोन्ही संघांसाठी १ ते १६० आकडे छापलेलेच असतात. बास्केट झाली की नव्या एकूण आकड्यावर तिरकी रेघ मारायची आणि शेजारी खेळाडूचा नंबर लिहायचा. फ्री थ्रोचा, म्हणजे फाऊलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फेकीचा, एक गुण असेल तर रेघेऐवजी भरीव टिंब. तीन गुणांची बास्केट असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. पहिल्या-तिसऱ्या क्वार्टरला लाल शाई, दुसऱ्या-चौथ्याला निळी. या मांडणीतली शिस्त मला भलतीच आवडली. आमच्या नववीच्या वह्या अशा असत्या तर!

गाठ अंतिम सामन्यात पडली. समोर सावंतवाडीकडचा संघ होता. तिसऱ्या क्वार्टरला आमचे २९ झाले होते. आमच्या ९ नंबरने लांबून चेंडू टाकला आणि तो रिंगला न शिवता आत गेला. पटांगणभर “तीन! तीन!” सुरू झालं. मी पंचांकडे बघितलं. त्यांनी दोन बोटं दाखवली. मी ३१ वर रेघ मारली, शेजारी ९ लिहिला.

आमच्या सिमेंटच्या कोर्टवर तीन गुणांच्या दोन रेषा आहेत. एक जुनी पिवळी, ६.२५ मीटरची. ती २०१० मध्ये बाद झाली आणि रेषा ६.७५ वर गेली. नवी पांढरी रेषा रंगवली, जुनी खरवडायची राहिली. पोरगी पिवळ्या रेषेच्या चांगली मागे होती, पण बुटाचं टोक पांढरीवर होतं. नियमात रेषा स्वतः दोनच्याच हद्दीत धरतात. तीन हवे असतील तर पाय पूर्ण बाहेर हवा.

तेवढ्यात पावसाची सर आली. आम्ही टेबल उचलून पडवीत नेलं. पोरांनी गोणपाटानं पाणी ओढलं, पंचांनी बूट घासून कोर्ट तपासलं, खेळ पुन्हा सुरू झाला. पडवीतून गुणांच्या पाटीची फक्त पाठ दिसत होती. जमेल तेव्हा पाटी आणि शीट ताडून बघायची असते. मी ती बघितली नाही. चूक माझी.

पाटीवर नववीतला एक मुलगा पत्ते उलटत होता. त्याने पंचांची बोटं बघायची सोडून पटांगणाचा ओरडा ऐकला आणि तीन लावले.

शेवटची वीस सेकंदं आमच्या मुलींनी चेंडू नुसता आपसात फिरवला. पाटीवर ४३–४२ होतं, मग उगाच बास्केटकडे कशाला धावायचं? भोंगा झाला आणि नाचायला लागल्या. माझ्या शीटवर ४२–४२.

मी पंचांना हाक मारली तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू येईना. सर टेबलावर हात आपटून म्हणाले, “बाई, आपलीच शाळा आहे!” मग शीटवर वाकले आणि एकदम खूश झाले. टेबल हलवताना पावसाचा थेंब पडून ९ भोवतीची लाल शाई पसरली होती. अगदी गोलासारखी.

“हा काय गोल! म्हणजे तीनच की!”

मुख्य पंचांनी शीट उजेडाकडे धरली. त्यांनी डागाकडे लक्षच दिलं नाही. २९ वर रेघ, ३० कोरा, ३१ वर रेघ. तीन असते तर रेघ ३२ वर असती. दोन बोटं आपणच दाखवली होती, हेही त्यांना आठवत होतं. पाटी आणि शीट जुळली नाही आणि घोळ सुटला नाही, तर शीटच ग्राह्य. मुख्य पंचांची सही होईपर्यंत गुणांची चूक दुरुस्तही करता येते, निकाल फिरला तरी. इथे सही व्हायची होती. पाटीचा पत्ता उलटला, पाच मिनिटांचा जादा वेळ.

सरांचं एक म्हणणं मात्र मला आजही खोडता येत नाही. पाटी बरोबर असती तर त्या वीस सेकंदांत मुली चेंडू टाकायला गेल्या असत्या. ती वीस सेकंदं कुठल्या नियमाने परत आणणार?

जादा वेळेत चौथ्या क्वार्टरचे टीम फाऊल, म्हणजे सगळ्या संघाचे मिळून झालेले फाऊल, पुढे चालू राहतात. आमचे चार आधीच भरले होते, त्यामुळे बचावातल्या प्रत्येक नव्या साध्या फाऊललाही समोरच्यांना दोन फ्री थ्रो. मी टिंबं भरत गेले. ४५–४७ ने हरलो.

९ नंबरची आई मालवणच्या बाजारात मासे विकते. रविवारी गेले. तिने आठ बांगड्यांचे पैसे घेतले आणि पिशवीत सात टाकले.

“अगो, आठ सांगितले होते.”

तिने कोयती पुसली. “आठवो रेषेर होतो, बाईनू.”