टपावरची झडप आणि आमची वाटचाल

गोव्यातील उसगाव-तिस्क परिसरातल्या आमच्या गाळ्यात सुरुवातीची अनेक वर्षे बस कधी आलीच नाही. खनिज वाहून नेणाऱ्या टिपर ट्रकांचे हौदे दुरुस्त करणे हाच आमचा धंदा होता. तळाचा झिजलेला पत्रा कापून काढायचा, नवा बसवायचा, फाळक्याच्या बिजागऱ्या वेल्ड करायच्या आणि ट्रक दुसऱ्या दिवशी पहाटे खाणीच्या रांगेत उभा राहील असे पाहायचे. सप्टेंबर 2012 मध्ये राज्यातील खाणकाम थांबले, रस्त्याकडेला ताडपत्र्या ओढून ट्रकांच्या ओळी लागल्या आणि आमच्या वेल्डिंग मशीनवर धूळ बसू लागली. पाच कामगारांपैकी दोघे वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला गेले. उरलेल्यांना काम हवे म्हणून आम्ही खाजगी प्रवासी बसगाड्यांची पासिंगआधीची पत्राकामे आणि रंगकामे घेऊ लागलो.

बसचे काम ट्रकच्या कामापेक्षा नाजूक असते, हे आम्हाला ठाऊक होते. ते किती नाजूक असते, हे मात्र एका जुन्या शाळेच्या बसने दाखवून दिले. म्हापशाकडच्या एका दांपत्याला त्या बसचे फिरते घर करून हवे होते. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, वायरिंग असे सगळे आम्ही मनापासून केले. टपावर मधोमध सुमारे दोन फूट लांब-रुंद अशी संकटकाळी बाहेर पडण्यासाठीची झडप होती, तिला मात्र आम्ही हात लावला नाही. ती उघडत होती, मिटत होती, रबरही जागच्या जागी दिसत होते. तिच्याकडे पाहण्याचे काही कारण आहे, असे आम्हाला वाटलेच नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेअकराला फोन आला. ताई म्हणाल्या, "भाऊ, गादीवर पाणी पडतंय. झडपेखाली काहीच नाही, पण दिव्यापाशी पडतंय." दिवा झडपेपासून तीन फूट मागे होता, त्यामुळे आम्ही दोन दिवस वायर जाण्यासाठी पाडलेल्या भोकांनाच दोष देत बसलो. खरे कारण असे की, बसचा टप दुहेरी असतो: बाहेर पत्रा, आत सिलिंग आणि त्यांच्यामध्ये आडव्या पोलादी कमानी. झडपेच्या चौकटीखालून शिरलेले पाणी त्या कमानीवरून सरकत जाते आणि सिलिंगला जिथे पहिले भोक मिळेल तिथे टपकते. गळतीची जागा आणि थेंबाची जागा यांचा संबंध लागेलच असे नाही.

गोव्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नऊ मीटर लांबीच्या बसच्या टपाचे क्षेत्रफळ साधारण 20 चौरस मीटर धरले, तर ज्या दिवशी 100 मिलिमीटर पाऊस पडतो त्या दिवशी त्या टपावरून 2,000 लिटर पाणी वाहून जाते. त्यातले तांब्याभर आत आले तरी गादी भिजते. हा हिशोब मी त्या वेळी केला नव्हता. आम्ही चौकटीभोवती सिलिकॉनची जाड रेघ ओढली, पाइपने पाणी मारून पाहिले, थेंब आला नाही म्हणून खुशीत गाडी दिली आणि ती पंधरा दिवसांनी पुन्हा दारात आली.

दुसरा उपाय पहिल्याहून वाईट ठरला. पावसाळा सरल्यावर झडपच काढून टाकून त्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा सपाट पत्रा ठेवला, भोवती पॉप रिवेट मारले, कडेने लांबी (पुट्टी) भरली आणि वरून रंग दिला. दिसायला काम सुरेख होते. परंतु एक मीटर अ‍ॅल्युमिनियम 40 अंशांच्या फरकाने जवळजवळ एक मिलिमीटर वाढते किंवा आखडते. मे महिन्याच्या उन्हात भाजलेला टप पहिल्या वळवाच्या सरीने काही मिनिटांत गार होतो, पत्रा आखडतो, त्याखालची पोलादी कमान मात्र निम्म्यानेच आखडते. ही ओढाताण रोज चालली की ताठ लांबीला केसासारखी चीर पडते. शिवाय साध्या पॉप रिवेटची मधली काडी तुटल्यावर आत पोकळी राहते आणि तिच्यातून पाणी झिरपू शकते, हेही आम्हाला तेव्हा सुचले नाही. आम्ही अशा 44 पोकळ्या स्वतःच्या हातांनी टपाला पाडून ठेवल्या होत्या.

तिसऱ्या वेळी मी कामगारांना घरी पाठवले आणि आमच्या वयस्क मेस्तांना, म्हणजे जुन्या मिस्त्रींना, घेऊन सगळे उघडले. चौकटीखालचे पोलाद पापुद्र्यांनी सुटत होते आणि अ‍ॅल्युमिनियमला जिथे जिथे ते टेकले होते तिथे पांढरी भुकटी साचली होती. दोन वेगळे धातू, मध्ये खारट दमट हवा, मग दुसरे काय होणार? मेस्त बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "तुझे वडील घरं शाकारायचे ना? त्यांनी कधी कौल चिकटवलेलं पाहिलंस?"

माझे वडील दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात गावातील घरे शाकारीत असत. मंगलोरी कौल कशानेही चिकटवलेले नसते. वरचे कौल खालच्यावर चढलेले असते, त्याच्या खाचा एकमेकींत बसलेल्या असतात आणि पाण्याला उलटे चढून आत येता येत नाही म्हणून घर कोरडे राहते. आम्ही मात्र भोकाशी पाणी अडवून धरण्याचे सगळे काम एका नळीतल्या लुकणावर टाकले होते.

तेव्हापासून आमच्याकडे झडपेचे काम एकाच पद्धतीने होते. जुने सिलिकॉन पूर्णपणे खरवडून काढतो, कारण त्याचा पातळ थर राहिला तरी त्यावर पुढचे काहीही धरत नाही. गंजलेले पोलाद कापून नवी चौकट वेल्ड करतो, तिला प्रायमर देतो आणि दोन धातूंमध्ये ब्युटाइल या चिकट रबराची पट्टी घालतो. ही पट्टी कधीच कडक होत नाही, त्यामुळे पत्रा हलला तरी ती त्याच्याबरोबर ताणली जाते. भोकाभोवती 40 मिलिमीटर उंचीचा उभा काठ उभारतो, आणि झाकण त्या काठाच्या बाहेरून खाली उतरते, जसे डब्याचे झाकण उतरते तसे. बाहेरच्या सांध्याला पॉलियुरेथेनचे लुकण लावतो, रिवेट बंद तोंडाचे वापरतो. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यानेच पक्के होते, त्यामुळे गोव्याची हवा त्याला मानवते. मात्र लावताना पत्रा कोरडा ठणठणीत लागतो.

झाकण फायबरचे असते. ते आम्हाला जमेना, म्हणून फायबरच्या होड्या बांधणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने टपाच्या गोलाईचा पुठ्ठ्याचा खाका मागितला, काचतंतूंच्या 450 ग्रॅमच्या मॅटचे तीन थर रेझिनने बसवले आणि पहिल्याच फेरीत असा तुकडा दिला की तो टपावर ठेवल्यावर खालून उजेडाची रेघही दिसली नाही. रेझिन पक्के करणारा हार्डनर एक-दोन टक्क्यांहून जास्त घातला तर तुकडा तापून तडकतो, हे त्याच्याकडूनच कळले. हल्ली परदेशी बनावटीचे 12 व्होल्टचे पंखे घेऊन गिऱ्हाइके येतात. त्यांना 14 इंच चौरस भोक लागते आणि टपावर टेकणारी त्यांची कडेची पट्टी सपाट टपासाठी घडवलेली असते. आपल्याकडच्या बसच्या गोल टपावर ती तशीच आवळली तर मधोमध वाकते. म्हणून दोन फुटांचे भोक लहान करणारी तबकडी आणि तिच्यावरचे पाचरीच्या आकाराचे कडे, दोन्ही आम्ही त्याच साच्यातून काढतो.

झडप कायमची बंद करायची असेल तर ठिगळ लावत नाही. एका जोडापासून पुढच्या जोडापर्यंतचा अख्खा पत्रा बदलतो आणि नव्या पत्र्याचा पुढचा काठ पुढच्या पत्र्याखाली, मागचा काठ मागच्या पत्र्यावर ठेवतो, म्हणजे धावत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललेले पाणी सांध्यात शिरत नाही. आतून बंद छिद्रांच्या फोमचा थर चिकटवतो. एका गिऱ्हाइकाने जानेवारीत गळतीची तक्रार केली होती, आणि पाऊस तर ऑक्टोबरनंतर पडलाच नव्हता. रात्री आत स्वयंपाक झाला, चौघे झोपले, उघड्या पत्र्याला घाम फुटला आणि तोच थेंबथेंब पडला.

बंद करण्याआधी मात्र आम्ही एक प्रश्न विचारतो, आणि तो विचारल्यामुळे काही कामे हातची गेली आहेत. टपावरची झडप ही बस उलटली तर बाहेर पडण्याची वाट असते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीत बदल करण्यावर मर्यादा आहेत, आणि फिरत्या घरांसाठी एआयएस-124 हे वाहन उद्योगाचे वेगळे मानक आहे. एकाला झडपेवर सौर पॅनेल ठोकून हवे होते. बाहेर पडण्याची दुसरी वाट आराखड्यात दाखवा, परिवहन खात्याची मंजुरी आणा, मग हात लावू, असे मी सांगितले. त्याने ते काम दुसरीकडे करून घेतले. त्या गाडीत झोपणाऱ्यांची मला अजून आठवण येते.

चाचणीही आता पाइपपुरती राहिलेली नाही. सिलिंग लावण्याआधी कमानींवर आतून खडूची पूड फासतो, समोरून तिरप्या धारेने अर्धा तास पाणी मारतो आणि पुडीत ओघळ उमटला का ते बॅटरीने पाहतो. त्यानंतर गाडी अनमोड घाटात नेऊन आणतो, कारण वळणावर बसचा सांगाडा पिळवटतो आणि उभ्या गाडीत न उघडणारा सांधा तिथे उघडतो. परतल्यावर पुन्हा पाणी मारतो.

2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या, तेव्हा आमच्या दारात एकही ट्रक नव्हता, तीन बसगाड्या होत्या. आज आम्ही सात जण आहोत. लोक पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, खरेदीला निघतात त्याच दिवसांत आमची सर्वाधिक धांदल असते, आणि 1 जूननंतर टप उघडण्याचे काम आम्ही घेत नाही, मग गिऱ्हाईक कितीही जवळचे असो.

ती शाळेची बस अजूनही दरवर्षी मे महिन्यात येते. मेस्त आता कामाला नसतात, पण त्या दिवशी हटकून येतात, शिडीवर चढतात आणि झाकणाच्या काठाखालून बोट फिरवून ते पांढऱ्या सदऱ्याला पुसतात. यंदा सदऱ्यावर फक्त धूळ उमटली.