लीड: सोन्याच्या खाणीतली न्यूट्रिनोंची वाट

अमेरिकेतल्या साउथ डकोटात आलेली आपली मंडळी माउंट रशमोअरच्या डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे बघतात, फोटो काढतात आणि बॅडलँड्सच्या रस्त्याला लागतात. आम्ही गाडी उत्तरेला, लीड गावाकडे वळवली. "बंद पडलेल्या खाणीत काय बघायचंय?" बायकोचा प्रश्न रास्तच होता.

होमस्टेकची ही सोन्याची खाण १८७६ साली सुरू झाली, २००२ मध्ये बंद पडली. गावाला खेटून ओपन कट नावाचा अवाढव्य खड्डा आहे, त्याच्या काठावरच व्हिजिटर सेंटर. खाली दीड किलोमीटर खोल 'ड्यून' या न्यूट्रिनो टिपणाऱ्या प्रयोगासाठी दालनं कोरली आहेत. न्यूट्रिनो म्हणजे जवळजवळ कशालाही न अडता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण. त्यातून निघालेला सुमारे आठ लाख टन खडक पट्ट्यावरून, रस्त्याच्या डोक्यावरून आणून याच खड्ड्यात ओतला. सोन्यासाठी उकरलेलं न्यूट्रिनोंच्या दगडांनी बुजवायचं, हा हिशेब मला भारी आवडला.

न्यूट्रिनो येणार शिकागोजवळच्या फर्मीलॅब या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून. तिथे वेगवान प्रोटॉन ग्रॅफाइटवर आदळवायचे, त्यातून उडालेले पायॉन आणि केऑन हे क्षणभंगुर कण चुंबकीय हॉर्नने (कर्ण्यासारख्या चुंबकाने) एका दिशेला लावायचे. ते वाटेत फुटून न्यूट्रिनो होतात. पुढे १३०० किलोमीटर, मध्यावर जमिनीखाली तीसेक किलोमीटर. बोगदा वगैरे काही नाही, सरळ खडकातून! वेळ चारेक मिलिसेकंद. आम्हाला शिकागोहून येताना वाटेत मुक्काम करावा लागला होता.

न्यूट्रिनोंचे प्रकार असतात आणि एवढ्या प्रवासात 'म्युऑन' प्रकारातले काही 'इलेक्ट्रॉन' प्रकारचे होतात. त्यांची उलटी जुळी भावंडं, म्हणजे प्रतिन्यूट्रिनोही तसेच बदलतात का, की थोडं वेगळं वागतात, हे इथल्या द्रवरूप आरगॉनच्या टाक्यांत तपासायचंय. फरक सापडला, तर अशा उलट्या कणांचं प्रतिद्रव्य विश्वात जवळजवळ उरलंच का नाही, याचा एक धागा हाती येईल.

याच खाणीत रे डेव्हिस या शास्त्रज्ञाने ड्रायक्लीनिंगच्या रसायनाने भरलेल्या टाकीत सूर्याचे न्यूट्रिनो मोजले. अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश भरले. २००२ चं नोबेल त्यासाठीच. आपल्या मुंबईच्या टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) मंडळीही १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत वातावरणातले न्यूट्रिनो पकडत होती. तिथे मात्र खाण मिटली आणि प्रयोगशाळाही गेली. लीडने खाण गेल्यावर प्रयोगशाळा वाढवली, याचा हेवा वाटतो.

पर्यटकांना खाली सोडत नाहीत. जमलं तर जुलैत जा. तेव्हा गावात चक्क 'न्यूट्रिनो डे' साजरा होतो.