आमची वाटचाल : चावी चोरीला गेली तो उन्हाळा

लातूरच्या मार्केट यार्डात सौदा निघाला की आमचा मुलगा तिथूनच तूर-सोयाबीनचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर भरायचा. बाहेरच्या बाजार समित्यांचे दर आम्ही सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळाच्या एपीआयवरून, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याकडे माहिती मागायच्या सोयीवरून, घ्यायचो. दोन्ही जुळवून स्वतःचा एपीआय उभा केला. आडत्याच्या वेबसाइटने चावी, म्हणजे ओळख पटवणारा गुप्त संकेत, दाखवून दर मागितला की आमचा सर्व्हर जेसन या संगणकाला वाचता येणाऱ्या मांडणीत उत्तर धाडणार आणि दर आपोआप त्याच्या पानावर. हे काम आम्ही कुणाचं बघून केलं नाही.

मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तो २०१६ चा उन्हाळा. ऐन सौद्याच्या वेळी सर्व्हर मान टाकायचा. आठ दिवस पोरांना बोल लावले, मोठा सर्व्हर घेतला, तरी तेच. शेवटी रात्री बसून लॉग, म्हणजे सर्व्हरवर आलेल्या मागण्यांची नोंद, ओळ न् ओळ वाचला. एकच चावी, दर सेकंदाला मागणी, आणि आयपी, म्हणजे मागणी करणाऱ्या संगणकाचा पत्ता, आमच्या ग्राहकाचा नव्हताच. चावी वेबसाइटच्या पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे कुणालाही वाचता येणाऱ्या कोडमध्ये, उघडी पडली होती. आमच्यानंतर दुकान थाटलेल्या एका कंपनीने ती उचलली आणि आमचे दर स्वतःच्या नावावर विकले. एके दिवशी आमच्या मुलाकडून तुरीच्या दरात एक शून्य जास्त पडलं, ते शून्यसुद्धा त्यांच्या पानावर होतं!

सहकारी म्हणाला, त्या चावीला खोटे दर सोडू. मी नाही म्हणालो. तो आकडा बघून शेतकरी गाडी भरतो.

सगळ्या चाव्या बदलल्या, सत्तावीस वेबसाइट हाताने दुरुस्त केल्या. तोवर दर बंद. नऊ आडत्यांनी काम काढून घेतलं. उदगीरचे काका मात्र स्वतः आले, वर्षाचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "पोरांचा पगार थांबवू नका." आजही आमच्या तक्त्यात पहिली चावी त्यांच्या दुकानाची आहे.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, चावी ब्राउझरच्या हाती देऊ नका, आपल्या सर्व्हरवर ठेवा. प्रत्येक चावीला मिनिटाची मर्यादा घाला, ओलांडली की सरळ ४२९, म्हणजे 'मागण्या फार झाल्या' हा संकेत, परत करा. आलेलं उत्तर साठवा, उगाच सरकारी सर्व्हरला दर मिनिटाला हाक मारू नका. आणि दराशेजारी तारीख छापाच. एपीआय तपासायला पोस्टमन हे ॲप चांगलं आहे, पण आधी कर्ल या कमांडने हाताने मागणी करून बघा, उत्तरातलं खरं-खोटं तिथेच कळतं.

ती कंपनी पुढे मोठी झाली. चावी घेतल्याचं मात्र त्यांनी आजवर एका शब्दाने कबूल केलेलं नाही.