प्लेगच्या पिसवेला नाव देणारा माणूस

नाशिक परिसरातल्या जुन्या घराण्यांची वंशावळ मांडायला बसले की १८९७ नंतरच्या काही वर्षांत एकाच शाखेतली दोन-तीन माणसे पाठोपाठ गेलेली आढळतात. विचारले तर वडीलधारे एवढेच सांगतात, ‘ते प्लेगच्या सालात गेले.’ भगूरच्या सावरकरांच्या घरातही १८९९ मध्ये हेच घडले. दामोदरपंत प्लेगने गेले, त्यांचे बंधूही गेले आणि उरलेले कुटुंब नाशिकला आले. घरात उंदीर पडू लागले की बिऱ्हाड उचलायचे आणि गावाबाहेर मळ्यात झोपडी घालून राहायचे, एवढे लोक अनुभवाने शिकले होते. उंदरामागोमाग माणूस का मरतो, याचा उलगडा मात्र सरकारी डॉक्टरांनाही पटकन झाला नाही.

तो उलगडा ज्या कीटकापाशी येऊन थांबला, त्याला शास्त्रीय नाव देणारा माणूस लंडनच्या एका प्रसिद्ध पेढीतला भागीदार होता. त्याचे नाव नॅथॅनिएल चार्ल्स रॉथशिल्ड. पुढे याच माणसाने ब्रिटनमधल्या संघटित निसर्गसंरक्षणाचा पाया घातला. त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण या दोन कामांसाठी दोन स्वतंत्र परिच्छेद करतात. मला मात्र ते एकाच स्वभावाचे, एकाच सवयीचे काम वाटते आणि त्याविषयीच येथे लिहायचे आहे.

चार्ल्सचा जन्म १८७७ चा. थोरला भाऊ वॉल्टर याने ट्रिंग येथे प्राण्यांचे स्वतःचे संग्रहालय उभारले होते आणि झेब्रे जुंपलेल्या गाडीतून लंडनमध्ये फेरफटका मारून त्याने आपली कीर्ती पुरेशी पसरवलीही होती. धाकटा भाऊ शांत होता. दिवसा पेढीचे काम, उरलेल्या वेळात फुलपाखरे आणि मुख्यतः पिसवा. पिसवांचा छंद कोणाला असू शकतो, हे आपल्याकडे सांगितले तर लोक हसतील. पण कुत्र्याच्या अंगावरून बारीक दातांची फणी फिरवून एखादी पिसू भिंगाखाली धरून पाहिली, तर हा प्राणी किती नेमका घडलेला आहे हे ध्यानात येते. अंग दोन्ही बाजूंनी चेपलेले, त्यामुळे केसांच्या दाटीतून ती सहज पुढे सरकते. अंगावरचे सगळे राठ केस मागच्या दिशेला वळलेले, त्यामुळे तिला मागे ओढून काढणे कठीण. पंख नाहीत, मागचे पाय मात्र लांब आणि दणकट. चिमटीत दाबली तरी ती मरत नाही, नखावर नख ठेवून चिरडावी लागते. (गोचीड ती वेगळी. तिला आठ पाय असतात आणि ती कोळ्यांच्या कुळातली आहे. पण आपल्याकडे कुत्र्याच्या अंगावर दिसेल त्या प्रत्येक जिवाला गोचीडच म्हणतात.)

चार्ल्सने जगभरच्या प्रवाशांना, शिकाऱ्यांना आणि संग्राहकांना पिसवा पाठवायला सांगितले. कोणत्या प्राण्यावर, कोठे आणि केव्हा सापडली, ही नोंद प्रत्येक नमुन्यासोबत असावी, असा त्याचा कटाक्ष असे. हा संग्रह सुमारे २ लाख ६० हजार नमुन्यांपर्यंत गेला. आज तो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. कार्ल जॉर्डन या ट्रिंगच्या संग्रहालयातल्या कीटकतज्ज्ञासोबत आणि स्वतंत्रपणे मिळून त्याने पिसवांच्या सुमारे ५०० नव्या जातींचे वर्णन केले.

यांतली एक पिसू त्याला सुदानमध्ये नाईलकाठच्या शेंडी येथे मिळाली होती. १९०३ मध्ये त्याने तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूच्या, म्हणजे चिऑप्सच्या नावावरून तिला ‘चिओपिस’ असे नाव दिले. आज ती ‘झेनॉप्सायला चिओपिस’ म्हणून ओळखली जाते. प्लेग पसरवण्यात पिसवेचा हात आहे, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्येच कराचीत प्रयोग करून दाखवले होते, पण त्याचे म्हणणे बरीच वर्षे कोणी मनावर घेतले नाही. नंतर मुंबईत ग्लेन लिस्टन आणि त्यापाठोपाठ परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने ते सिद्ध केले. प्लेगच्या घरात गिनीपिग मोकळे सोडले की त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा चढत आणि ते मरत. पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातले मात्र वाचत. पिसू मुळात उंदराची. उंदीर मेला, त्याचे अंग गार पडले की ती दुसरे गरम अंग शोधते, आणि घरात उंदीर उरले नसतील तर ते अंग माणसाचे असते. शिवाय प्लेगच्या जंतूंची वाढ होऊन तिच्या जठराआधीची वाट तुंबते, हे १९१४ मध्ये बेकट आणि मार्टिन यांनी दाखवले. अशी तुंबलेली पिसू भुकेने पुन्हा पुन्हा चावते आणि ओढलेले रक्त जंतूंसह जखमेत परत ढकलते. उंदीर पडताच घर सोडून मळ्यात जाणाऱ्या आमच्या लोकांना यातले काही ठाऊक नव्हते, तरी त्यांचा निर्णय अचूक होता.

आता खरी गंमत. भारतातल्या उंदरांवरच्या सगळ्या पिसवा सुरुवातीला चिओपिसच समजल्या जात. १९११ मध्ये चार्ल्सने तिच्याशी कमालीचे साम्य असलेल्या एका पिसवेचे ‘ॲस्टिया’ या नावाने वेगळी जात म्हणून वर्णन केले. फरक असा की पिसू पोटॅशच्या द्रावणात ठेवून पारदर्शक करावी, काचपट्टीवर बसवावी आणि मादीच्या पोटातल्या वीर्य साठवणाऱ्या बारीक पिशवीचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, तेव्हा खात्री पटते. अशा केसाएवढ्या फरकावर आयुष्य घालवणाऱ्या माणसाला व्यवहारी लोक काय म्हणतात, ते मी सांगायला नको. पण दोनच वर्षांनी कोलंबोत काम करणाऱ्या हर्स्ट यांनी या फरकाचा उपयोग करून विचारले, की मुंबई प्लेगने उजाड होत असताना मद्रास आणि कोलंबो तुलनेने का वाचले? मुंबईच्या उंदरांवर चिओपिस होती आणि त्या दोन शहरांत ॲस्टियाचे प्राबल्य होते. ॲस्टिया प्लेगची वाहक म्हणून बरीच दुबळी आहे. प्लेगने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्या मरणाचा नकाशा असमान का, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग त्या बारीक पिशवीच्या आकारात होता.

ज्या माणसाला एकेक जात वेगळी दिसते, त्याला ती कोठे राहते हेही वेगळे दिसते. केंब्रिजजवळच्या विकन फेन या पाणथळीचे काही तुकडे चार्ल्सने विकत घेतले आणि १९०१ मध्ये ते जागा राखणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेला दिले. १९१० मध्ये त्याने वुडवॉल्टन फेन घेतले. इंग्लंडच्या त्या भागात शतकानुशतके पाणथळी आटवून शेती करण्याचा सपाटा चालला होता आणि त्यापायी ‘लार्ज कॉपर’ नावाचे तांबूस झळाळीचे देखणे फुलपाखरू एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्या देशातून नाहीसे झाले होते. संग्राहकांच्या जाळ्यांना त्याबद्दल दोष दिला जाई आणि तो काही प्रमाणात खराही होता. परंतु ज्या वनस्पतीवर अळी वाढते ती वनस्पतीच पाण्यासोबत गेली, तर जाळ्यांवर बंदी घालून काय उपयोग? चार्ल्सचा आग्रह असा होता, की जीव वाचवायचा तर त्याची जागा राखली पाहिजे. आज हे शाळेच्या पुस्तकात असते. त्या काळी पक्षी मारू नका, अंडी चोरू नका, इथपर्यंतच कायद्याची मजल गेली होती.

ॲश्टन वोल्डची गोष्ट त्याच्या घराण्यात आवडीने सांगितली जाई. नॉर्थहॅम्प्टनशायरमधली फुलपाखरांनी भरलेली ती जागा त्याला विकत हवी होती. चौकशी केली तेव्हा कळले, की मालक विकणार नाही आणि मालक म्हणजे त्याचेच वडील. इतकी जमीन असणे, की आपली कोणती हेही ठाऊक नसावे! पुढे त्याने तेथेच घर बांधले. ही संपत्ती नसती तर विकन आणि वुडवॉल्टनही झाले नसते, हे मान्य करूनच त्याचे कौतुक करावे.

१६ मे १९१२ रोजी त्याने निसर्गराखीव क्षेत्रांच्या प्रसारासाठी एक संस्था स्थापन केली. आजच्या ‘वाइल्डलाइफ ट्रस्ट्स’चे मूळ ते. ‘नॅशनल ट्रस्ट’ जागा घेई ती प्रसंगाने मिळेल तशी, बऱ्याचदा देखाव्यासाठी. चार्ल्सला देशभरची यादी हवी होती आणि तिचा निकष तेथे काय जगते हा असावा, असे त्याला वाटे. स्थानिक निसर्गप्रेमी मंडळांना प्रश्नावल्या पाठवून माहिती गोळा झाली आणि महायुद्ध चालू असतानाच २८४ जागांची यादी तयार झाली. सरकारने ती ठेवून घेतली, याहून अधिक काही केले नाही. मधल्या काळात त्यांतल्या कित्येक जागा नांगराखाली गेल्या. राखीव क्षेत्रांना कायद्याचा आधार मिळाला तो १९४९ मध्ये. तोवर चार्ल्सला जाऊन पाव शतक उलटले होते. मेंदूज्वराच्या आजाराने तो वर्षानुवर्षे खचत गेला आणि १९२३ मध्ये, ४६ व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली.

त्याची थोरली मुलगी मिरियम तेव्हा १५ वर्षांची होती. ती कधी शाळेत गेली नाही. वडिलांच्या पिसवांच्या संग्रहाची सहा खंडांची सूची तिने सहकाऱ्यांसह १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षे खपून पुरी केली. सशाच्या पिसवेचे प्रजनन गाभण सशिणीच्या रक्तातल्या संप्रेरकांवर अवलंबून असते, म्हणजे यजमानाला पिल्ले होणार तेव्हाच पिसवेलाही होतात, हा शोधही तिच्या प्रयोगशाळेतला. १९८५ मध्ये तिला रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. उतारवयात तिने ॲश्टनची जमीन रानफुलांच्या कुरणांना दिली आणि त्या फुलांच्या बियाण्यांचे मिश्रण ‘शेतकऱ्याचे दुःस्वप्न’ या अर्थाच्या नावाने विकायला काढले.

सूची आणि नमुने हे केवळ कपाटात ठेवायचे वैभव नव्हे. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले आणि गाठीच्या प्लेगची बातमी आली, तेव्हा महाराष्ट्राला पुन्हा पिसवा मोजाव्या लागल्या. एका उंदरावर सरासरी किती चिओपिस सापडतात, यावर आरोग्य खाते ‘चिओपिस निर्देशांक’ काढते. तो एकच्या वर गेला की धोका मानतात. त्या मोजणीत ॲस्टिया मिसळून चालत नाही.

नाशिकला पाणथळ आहे आणि ती राखलेलीही आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी, ब्रिटिशांच्या काळातल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालेले नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरले. पक्ष्यांची मोजणी होते, आकडे वर्तमानपत्रात येतात, रोहित (फ्लेमिंगो) आले की मोटारींची रांग लागते. त्याच पाण्यावर उडणाऱ्या चतुर आणि टाचणी या कीटकांना असा मान नाही, आणि भोवतालच्या द्राक्षपट्ट्यात तर किडा म्हटला की फवारणी, मग तो पिठ्या ढेकूण असो वा त्याला खाणारा मित्रकीटक. खरे तर पाण्याचा कस चतुरांच्या अळ्यांवरून पुष्कळ कळतो, कारण त्या पाण्यातच महिनोन्‌महिने काढतात, रोहितासारख्या उडून जात नाहीत. पाऊस संपल्यावर खाणगाव थडीला किंवा चापडगावला जाणाऱ्यांनी काठावरच्या गवतातही कॅमेरा वळवावा. टाचणीचा फोटो बाजूने घ्यावा आणि तिच्या पोटाचे टोक स्पष्ट येईल असे पाहावे, कारण नरांमध्ये जातीची ओळख बऱ्याचदा त्या टोकावरच्या उपांगांवरूनच पटते. सोबत तारीख आणि नेमकी जागा लिहून ठेवावी.