आक्काचं नाव

रविवार, १५ डिसेंबर २०२४. परतवाडा.

लॉजवर बसून लिहितेय. आई झोपली. गुडघ्यांना तेल लावून दिलं, तरी कण्हतेय.

आठवडाभर एकच धोशा लावला होता तिनं, चिखलदऱ्याला ने म्हणून. ७९ व्या वर्षी, ऐन थंडीत. मला वाटलं, देवी पॉइंट पाहायचा असेल. तो पाहिला, मोथा गावचा खवा घेतला, गाविलगडासमोर उभ्या राहिलो. मी मास्तरीण, राहवतं कुठं? तिला सांगितलं, आजच्याच तारखेला, १८०३ साली, आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला. ‘बरं,’ म्हणाली आणि शाल कानावर ओढली.

मरियमपूरला मात्र स्वतःहून गाडीतून उतरली. कॅथलिक कोरकू आदिवासींचं गाव. रविवारची प्रार्थना नुकती संपली होती. बाया आपसात कोरकूत बोलत होत्या, आमच्याशी हिंदीत. झाडांच्या सावलीत कॉफी, फांदीला चिकटून लाल बोंडं. महाराष्ट्रात कॉफी म्हटली की चिखलदराच. एक म्हातारबुवा म्हणाले, ‘फादर लोगोंने लगायी, पानी हमारे बुढ्ढेने डाला.’ पुस्तकात यातलं पहिलं अर्धं वाक्य येतं. आईनं एक बोंड तोंडात टाकलं. ‘गोड हाय वं, पन गर काहीच नाही.’ बी थुंकली आणि म्हणाली, ‘आता कोठाऱ्याले चाल.’

म्हणजे हे होतं.

कोठारा म्हणजे परतवाड्याजवळचं कुष्ठरोग्यांचं मिशन. आमच्या घरात ‘मिशन’ हा शब्द आवाज खाली घेऊनच यायचा. आईच्या आत्याला, आक्काला, १९५१-५२ च्या सुमारास तिथं ठेवली. आई तेव्हा पाच-सहा वर्षांची. पहाटे गाडी जुंपल्याचं तिला आठवतं, बैलांच्या घुंगरमाळा काढून ठेवल्या होत्या. का, ते लहानपणी कळलं नाही. वाटेतल्या गावांना आवाज जाऊ नये म्हणून.

इंग्रजांचा १८९८ चा एक कायदा होता, भीक मागत फिरणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात ठेवता यायचं. तो पार २०१६ साली रद्द झाला. आक्कासाठी कायदा लागला नाही, पोलीस लागले नाहीत. घरच्यांनीच बैल जुंपले.

वर्ध्याकडे दत्तपूरचं कुष्ठधाम १९३६ पासून होतं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन नुकतं उभं राहत होतं. पण आमच्यासाठी जवळचं कोठारा. कोरकू मिशनची, म्हणजे कोरकूंमध्ये काम करणारी ख्रिस्ती माणसं १८९० च्या आसपास एलिचपूर (आताचं अचलपूर)-मेळघाटात आली. कुष्ठरोग्यांसाठीची मोठी संस्था त्याआधीची, १८७४ सालची, वेलस्ली बेली नावाच्या आयरिश माणसाची. दिवसातला हा दुसरा वेलस्ली. आक्का गेली तेव्हा कडू कवठाच्या तेलाची इंजेक्शनं मागं पडून डॅप्सोनच्या गोळ्या येऊ लागल्या होत्या. दहा वर्षं आधी झाला असता तर हा आजार बरा होण्याची फारशी आशा नव्हती. दहा वर्षं नंतर झाला असता तर कदाचित घरीच राहिली असती. कदाचित. आमचं घर मला माहीत आहे.

आजोबा दर हिवाळ्यात ‘बाजाराला जातो’ म्हणून परतवाड्याला यायचे, थैलीत संत्री घेऊन. एकदा हट्ट करून आईही आली. आज गाडीत तिनं ते पहिल्यांदा सांगितलं. आक्काची बोटं मुडपलेली, हाताला चिमटीच नाही. तिनं संत्रं दोन्ही तळव्यांत धरलं, देठाकडं दातानं साल उचकली आणि मग मनगटानं रेटत रेटत अख्खी साल काढली, एकाच पट्टीत. फोडी वेगळ्या करून पहिली आईसमोर धरली. आजोबांनी मधेच आईचा हात खाली दाबला.

‘मी खाल्ली नाही वं,’ आई म्हणाली. ‘मले खायाची होती.’

वर्गात मी मिशनरी हा विषय तीन ओळींत उरकते. शाळा, दवाखाने, धर्मांतर. मुलं तिसऱ्या ओळीवरच हात वर करतात आणि मीही तिथंच रमते. तिथवर माणसांना कोणी पोचवलं, हे कधी विचारलं नाही. मिशनवाले संत होते असं मला म्हणायचं नाही. तेव्हाच्या अशा आश्रमांत बाया वेगळ्या, पुरुष वेगळे, लेकरं तर आईबापांपासून तोडलेली. पण तोडण्याचं काम आम्ही आधीच केलेलं असायचं.

कोठाऱ्याला पोचायला चार वाजले. कडुनिंब, जुनी कौलं, मागं शेत, एका ओटीवर पायाला पट्टी बांधलेले दोघे उन्हात बसलेले. रविवार, ऑफिस बंद. गेटवरचा माणूस भला होता. म्हणाला, उद्या या, जुनं काही असलं तर विचारून बघू. वही काढली. ‘पेशंटचं नाव?’

आई म्हणाली, ‘आक्का.’

‘ते घरचं झालं, आजी. कागदावरचं?’

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार? कोरकू मिशनच्या जॉन ड्रेकनं १९०३ साली कोरकूचं अख्खं व्याकरण छापलं, हे मला पाठ आहे. माझ्या आजोबांच्या सख्ख्या बहिणीचं नाव माहीत नाही. तिचं लग्न झालं होतं की नाही, म्हणजे आडनाव कुठलं शोधायचं, तेही नाही.

आम्ही नेलेली संत्र्यांची थैली तशीच परत आणली. इथं टेबलावर आहे.

रात्री मोठ्या मामांना फोन केला. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘ते कशाले उकरतं आता?’ मी म्हटलं, पणजोबांच्या पाठीमागं वारस लागले तेव्हाचा जमिनीचा फेरफार असेल ना तुमच्याकडं, लोखंडी पेटीत? त्यात बहिणींचीही नावं असू शकतात, हक्क सोडून दिलेल्या असल्या तरी.

‘पाह्यतो,’ म्हणाले. पेटी माळ्यावर आहे. सकाळी पोराला चढवतो म्हणाले.