पाणचक्कीला जाताय? आधी पाणी बघा, मग चक्की

पाणचक्की मी पहिल्यांदा पाहिली ती सहावीच्या सहलीत. लक्षात राहिले फक्त हौदातले मासे आणि माझ्या डब्यातली संपलेली पोळी. यंदा दिवाळीनंतर आईला घेऊन छत्रपती संभाजीनगरला गेले, तेव्हा म्हटलं, बघू या पुन्हा. लग्नानंतर कित्येक वर्षं आईने घरचं दळण जात्यावर दळलंय. तिच्यासोबत जाण्याचा फायदा हा की चक्की बघताना ती नुसतं 'वा, वा' करत नाही.

मध्यवर्ती बसस्थानकापासून पाणचक्की अगदी जवळ आहे, रिक्षाने पाच-दहा मिनिटं. वाटेत खाम नदीच्या पुलाजवळ महमूद दरवाजा लागतो. दरवाजा चिंचोळा आणि रहदारी भरपूर, त्यामुळे स्वतःची गाडी असेल तर शक्यतो सकाळी लवकर पोहोचा. रिक्षावाल्याशी भाडं आधी ठरवा. आम्ही ठरवलं नाही आणि उतरताना आईने जे सुनावलं ते त्याला नाही, मला.

आत शिरल्यावर बहुतेक लोक 'चक्की कुठाय?' म्हणत थेट पुढे जातात, बघतात आणि 'एवढीशीच?' म्हणून हिरमुसतात. चक्की खरोखरच लहान आहे. म्हणून आधी हौदापाशी थांबा. शहराच्या उत्तरेच्या डोंगरांकडून कित्येक किलोमीटर जमिनीखालून नहर येते. खापराचे नळ, भोवती चुन्याचं बांधकाम, वाटेत ठिकठिकाणी मनोरे. या मनोऱ्यांत पाणी चढतं, अडकलेली हवा निघून जाते, दाब सांभाळला जातो आणि पाणी पुढे सरकतं. कुठे पंप नाही की मोट नाही, सगळं काम उताराचं. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली, तेव्हापासून या गावाला नहरींची सवय. पाणचक्कीची नहर नंतरची. इथे पाणी उंच भिंतीवर चढवलेलं आहे आणि तिथून ते धारेने हौदात पडतं. आम्ही गेलो तेव्हा धार चांगली जोरात होती.

आता चक्की. वर दोन दगड, खाली पाण्यात आडवं, पात्यांचं चाक. चाकाचा लोखंडी दांडा सरळ वर येऊन वरच्या दगडाला फिरवतो. मध्ये दातेरी चाकं वगैरे काही नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. आई बराच वेळ वाकून बघत होती. मग म्हणाली, "अगं, खुंटा कुठंय?"

"खाली पाणी फिरवतंय ना, खुंटा कशाला हवा?"

"आणि वैरण कोण घालायचं?"

खुंटा म्हणजे जातं हाताने फिरवायचा दांडा आणि वैरण म्हणजे जात्याच्या तोंडात मूठमूठ टाकायचं धान्य. आता इथे धान्य पडत नाही, दगड रिकामाच फिरतो. त्यामुळे घरघर कोरडी येते. आई म्हणाली, दाणे असले की आवाज जड होतो, रिकामं जातं असंच कुरकुरतं. ही माहिती तुम्हाला कुठल्या फलकावर मिळणार नाही.

इथे पीठ व्हायचं ते बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी. हे नक्शबंदी या सूफी पंथाचे संत औरंगजेबाच्या काळात मध्य आशियातल्या बुखाऱ्याकडून इथे आले. दर्गा याच आवारात आहे. चपला बाहेर काढाव्या लागतात, डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा रुमाल जवळ असू द्या. शेजारीच मशीद आहे, त्यामुळे शुक्रवारी दुपार टाळलेली बरी.

आणि एक गोष्ट चुकवू नका. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे! जाडजूड खांबांच्या रांगा आणि डोक्यावर पाणी, त्यामुळे आत गारवा. तिथे जाऊ देतात का ते दारावर विचारून बघा. आवारात महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचं कार्यालय आहे, काही भाग कामाच्या दिवशी बंद असू शकतो. हौदाकाठचा प्रचंड वड मात्र सगळ्यांसाठी मोकळा. आई त्याच्या सावलीत बसली ती पाऊण तास हलली नाही.

कधी जावं? पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत. भर उन्हाळ्यात पाणी कमी असलं तर धारही नाही आणि चक्कीही नाही, मग उरतो फक्त दगड. तिकीट किरकोळ आहे, सुटे पैसे ठेवा. निवांत बघायला दीड तास पुरतो. पुढे बीबी का मकबरा जवळच आहे, दोन्ही एका सकाळीत होतात. पण क्रम पाणचक्की आधी, मकबरा नंतर असाच ठेवा. मकबऱ्यावर उन्हात फिरून आलं की इथे फक्त बसावंसं वाटतं. बाहेरच्या दुकानांत हिमरूच्या, म्हणजे इथल्या रेशीम-सुती नक्षीदार विणीच्या, शाली दाखवतात. हातमागाची आणि यंत्रमागाची शाल लांबून सारखीच दिसते, तेव्हा किमतीवरून नाही, उलट बाजूचे धागे बघून घ्या. आम्ही एक घेतली. आईने घासाघीस केली, मी लांब उभी राहिले.